धाविकाचा फ्लेक्स

पक्ष्यांविषयी लिहिणाऱ्या माणसाला निदान पक्षी ओळखता यावेत, अशी अपेक्षा वाचकाने ठेवली तर त्यात गैर काही नाही. मला ते नीट ओळखता येत नाहीत. माळावरचे चंडोल मला अजूनही एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत. पुस्तक मांडीवर उघडे ठेवून मी त्यांच्याकडे पाहत राहते आणि योग्य पान सापडेपर्यंत ते उडून गेलेले असतात. आयुष्यभर कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले. भिंगाचे सूत्र असंख्य वेळा फळ्यावर लिहिले, पण भिंगातून पाहण्याचा प्रसंग साठीच्या आत कधी आला नाही. लेखन तर त्याहूनही दूरचे. तेव्हा हे पान माझ्या हातून लिहिले जावे यात काहीसा आगाऊपणा आहे, आणि त्याबद्दल मी आधीच क्षमा मागते. लिहायला बसले ते एवढ्यासाठी की ज्यांनी हे पाहिले त्यांपैकी कोणी ते लिहिणार नाही, आणि ज्यांना लिहिता येते ते तेव्हा तेथे नव्हते.

कॅमेरा मी निवृत्तीनंतर घेतला. दुकानातून घरी आणला तेव्हा माझ्या यजमानांनी तो हातात तोलून पाहिला आणि म्हणाले, “तुझ्या स्वभावाला हे बरे आहे. तोंड झाकले जाते.” ते थट्टेने म्हणाले, पण खरे म्हणाले. वर्गात उभे राहून बोलणे मला जमत असे, कारण तेथे बोलण्याचा विषय ठरलेला होता. वर्गाबाहेर चार माणसांत माझा आवाज फुटत नाही.

पहिल्या दिवसांत मी कपिलधारला गेले होते. धबधब्याच्या अंगाला खडकावर पाखरे येतात असे कोणीतरी सांगितले होते. पाखरे होती, परंतु दर्शनाला आलेली कुटुंबेही होती, आणि माझ्या हातातला लांबलचक कॅमेरा पाहून त्यांची अशी समजूत झाली की मी तेथे फोटो काढण्याच्याच कामावर आहे. एकीने साडीचा पदर नीट करून मुलांना रांगेत उभे केले. मला नाही म्हणता आले नाही. माझे भिंग दूरच्या पक्ष्यांसाठी होते. एवढे कुटुंब त्यात मावावे म्हणून मी मागे सरकत सरकत पायऱ्यांपर्यंत गेले. तेवढ्यात दुसरे कुटुंब रांगेत उभे राहिले होते. त्या दिवशी माझ्याकडे एकाही पाखराचे चित्र आले नाही. मात्र अनोळखी माणसांची हसरी चित्रे पुष्कळ आली, आणि ती ज्याची त्याला पाठवण्यात पुढचा आठवडा गेला.

त्यानंतर मी माणसे नसलेली जागा शोधू लागले आणि अशा रीतीने त्या माळावर पोहोचले.

धारूरच्या बाजूला, बालाघाटाच्या कडेवर एक गाव आहे. त्या गावाच्या वरच्या अंगाला गायरान आहे. मुरूम, विखुरलेले दगड, गुडघ्याएवढी कुसळी, मधूनमधून तरवडाची पिवळी झुडपे आणि एखाददुसरी खुरटी बोर. झाड म्हणावे असे काही नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याला तेथे पाहण्यासारखे काही दिसत नाही, आणि मलाही प्रथम दिसले नाही. गाडी पायवाटेवर उभी करून मी काच खाली करीत असे. ज्वारी भरलेली एक कापडी पिशवी खिडकीवर ठेवून तिच्यावर भिंग टेकवायचे आणि बसून राहायचे. जनावरे आणि पाखरे गाडीला फारशी बुजत नाहीत. त्यांना माणसाचे दोन पाय दिसले की ती पळतात. ही युक्ती मला एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितली होती आणि माझ्या गुडघ्यांनाही ती मानवली.

एका सकाळी समोरच्या दगडांपैकी एक दगड चालू लागला. चार पावले झरझर गेला, थांबला, वाकून काहीतरी टिपले, पुन्हा ताठ झाला. तपकिरी टोपी, डोळ्यावरून मागे जाणारी पांढरी आणि काळी रेघ, अंगाच्या मानाने उंच, फिकट पाय. पुस्तकात पाहिले तेव्हा त्याचे नाव धाविक असल्याचे कळले. त्याला झाड लागत नाही. उघड्या, खडकाळ, आखूड गवताच्या जमिनीवर तो राहतो आणि तेथेच, काडीचेही घरटे न बांधता, मुरुमावर अंडी घालतो. गावात त्याला वेगळे नाव नव्हते. ज्यांच्या नजरेस तो पडला होता ते त्याला टिटवीचा भाऊबंद समजत.

मी दर आठवड्याला जाऊ लागले. काळविटांचा एक लहान कळप दूरच्या कडेला दिसे. हिवाळ्यात भोवत्या हा शिकारी पक्षी गवतावरून तरंगत जाई. पण मी थांबत असे ती धाविकासाठी. त्याचा तो धावणे आणि थबकणे यांचा खेळ मला माझ्याच स्वभावासारखा वाटे, हेही येथे कबूल करून टाकते.

पुढे कोणाच्या तरी आग्रहावरून बीडच्या एका सभागृहात मी त्या छायाचित्रांचे प्रदर्शन मांडले. काळ्या चौकटी, खाली मराठी आणि शास्त्रीय नावे. माझे जुने सहकारी आले, चहा झाला. एकाने विचारले की हे आफ्रिकेत काढलेत का. दुसऱ्याने सगळ्या भिंती फिरून झाल्यावर जरा निराशेने म्हटले, “मॅडम, यात वाघ न्हाई का?” मी कोपऱ्यात उभी राहून सर्वांना धन्यवाद देत होते. ज्या माळावरची ही चित्रे होती त्या गावातले एकही माणूस तेथे नव्हते, हे मला चौकटी उतरवताना लक्षात आले.

त्या गावच्या सरपंचबाईंशी माझी पहिली भेट माळावरच झाली. त्या पायी माझ्या गाडीपर्यंत आल्या. चाळिशीच्या आतबाहेर, डोक्यावर पदर, हातात मोबाइल. तरुणपणी त्या नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जात असत, हे मला नंतर कळले. त्यांनी खिडकीतून आत पाहिले आणि सरळच विचारले, “सोलरवाल्या का पवनचक्कीवाल्या?”

मी कोणीच नसल्याचे सांगितले. त्यांचा विश्वास बसला नाही. त्या भागात गाडी उभी करून माळाकडे तासन्‌तास पाहत बसणारा मनुष्य जमिनीच्या व्यवहाराशिवाय दुसऱ्या कशासाठी बसेल? मी कॅमेऱ्यातली चित्रे दाखवली तेव्हा त्या थोड्या निवळल्या. मग त्यांनी मोठ्या उत्साहाने सांगितले की या उन्हाळ्यात सगळ्या माळावर खड्डे घ्यायचे आणि पाऊस पडला की झाडे लावायची, असा त्यांचा बेत आहे. मे महिन्याच्या पहिल्या तारखेच्या ग्रामसभेत ठराव, त्यानंतर जेसीबी. तोवर ऊसतोडीला गेलेली माणसेही परत आलेली असतील.

“ह्या माळावर सावलीला कुत्रंबी थांबत न्हाई,” त्या म्हणाल्या. “लोक म्हन्त्यात बाई सरपंच झाली, काय केलं? झाडं केली म्हनून दाखवीन.”

मी कसेबसे म्हणाले की येथे पक्षी राहतात. त्यावर त्यांनी माझ्याकडे जरा दयेनेच पाहिले. “पाखरं झाडावरच ऱ्हात्यात की मॅडम. झाडं झाली की वाढतेलच.”

झाड लावू नका असे कोणाला सांगायचे, आणि तेही बीड जिल्ह्यात, उन्हाळ्याच्या तोंडावर? सगळ्या देशात ज्याला चांगले काम म्हणतात ते काम त्या बाई स्वतःच्या हिमतीवर करायला निघाल्या होत्या. मी मान हलवली, काच वर केली आणि घरी आले. घरी आल्यावर मात्र पुढचे दिवस डोळ्यांपुढून हलेनात. एप्रिलमध्ये धाविक अंडी घालणार. मे महिन्यात तेथे यंत्राची चाके फिरणार. खड्ड्यांनंतर झाडे जगोत वा न जगोत, उघडा माळ राहणार नाही, आणि उघडा माळ नसेल तर तो पक्षी तेथे राहणार नाही.

यजमान म्हणाले, “बोलता येत नसेल तर दाखव.” मग मला फ्लेक्स सुचला.

आमच्याकडे बोलायचे असेल ते फ्लेक्सवर बोलतात. कोणाचा वाढदिवस, कोणाची निवड, कोणाचे निधन, सगळे चौकात उभे राहते आणि येणारा जाणारा ते वाचतो. प्रदर्शनाला न येणारी माणसे फ्लेक्स मात्र पाहतात. बीडमध्ये असे फलक छापणारा एक मुस्लिम गृहस्थ माझा जुना विद्यार्थी होता. त्याच्या वडिलांचा पूर्वी फोटो स्टुडिओ होता. मी दुकानात शिरताच त्याने सगळ्या गिऱ्हाइकांसमोर जाहीर केले की याच मॅडमनी त्याला बारावीला भिंगाच्या धड्यात नापास केले होते, म्हणून तो आज या धंद्यात आहे, नाहीतर इंजिनिअर होऊन बेकार बसला असता.

मी त्याला धाविकाचे चित्र दिले. भर उन्हात काढलेले ते चित्र, रंग अगदी फटफटीत झालेले. म्हणून मी संगणकावर ते कृष्णधवल केले होते. पांढरी रेघ, काळी रेघ, ताठ मान. माझ्या हातून झालेले सर्वांत चांगले चित्र तेच, असे मला वाटे आणि आजही वाटते. खाली मजकूर थोडकाच दिला: ‘धाविक. आपल्या माळाचा जुना रहिवासी.’ चित्रच बोलेल, शब्दांनी त्यात लुडबूड करू नये, असा माझा विचार.

त्याने चित्र पडद्यावर उघडले आणि एकाएकी त्याची थट्टा थांबली. त्याने मला खुर्ची दिली, चहा मागवला, हळू आवाजात आकार विचारला. वाढदिवसांचे काम रांगेत असताना त्याने माझे काम आधी घेतले. मी संकोचून म्हणाले की रांगेतल्यांचे होऊ द्या. तो म्हणाला, “असं काम आमी थांबवत न्हाईत, मॅडम.” गुरूविषयीचा आदर, असे मी समजले. गुंडाळी गाडीत ठेवताना त्याने एवढेच सांगितले की वरची जागा मोकळी दिसत होती, तेथे त्याच्या मनाने थोडी सजावट घातली आहे.

सरपंचबाईंनी फोनवर परवानगी दिली. पाराशेजारची लोखंडी चौकट मोकळीच होती. ग्रामपंचायतीच्या शिपायाकडे गुंडाळी दिली आणि, लोक जमून पाहू लागतील या कल्पनेनेच घाबरून, मी न थांबता परतले.

काही दिवसांनी सकाळी पुन्हा गेले. पारासमोरच्या हॉटेलात चहा घेत होते तेव्हा डोक्याला पांढरा रुमाल बांधलेले एक वयस्क गृहस्थ जवळ येऊन बसले. मग अगदी मायेने म्हणाले, “लई वाईट झालं. कधी वारलं?”

मी विचारले, “कोण?”

त्यांनी हनुवटीने चौकटीकडे दाखवले.

तेव्हा मी माझा फ्लेक्स प्रथमच उभा पाहिला. मधोमध कृष्णधवल धाविक, गंभीर, समोर पाहणारा. त्याच्या वरून दोन्ही बाजूंना लोंबणारा झेंडूचा छापील हार. दोन कोपऱ्यांत तेवत्या समया. खाली, आपल्या माळाचा जुना रहिवासी. आमच्या भागात लहान मुलालाही कळते की रंगीत चेहरा म्हणजे वाढदिवस आणि काळापांढरा चेहरा म्हणजे माणूस गेले. ते मलाच तेवढे सुचले नव्हते. चौकटीच्या पायाशी कोणीतरी उदबत्ती लावली होती. तिची राख अजून पडलेली होती.

ऊसतोडीच्या टोळ्या परत आल्या होत्या, त्यामुळे पारावर माणसे पुष्कळ. मी चौकटीकडेच पाहत आहे असे दिसल्यावर त्यांनीच बोलणे सुरू केले. हॉटेल चालवणाऱ्या बाई म्हणाल्या की शिकलेल्या बायांचा जीव पाखरावर लागतो, तेव्हा पाळलेले असणार. एकाने ते उन्हाने गेले असे ठरवले, दुसऱ्याने फवारणीने. एका तरुणाने आठवण काढली की गेल्या साली गावात एका बैलाचा असाच फ्लेक्स लागला होता आणि त्याचे दहाव्याचे जेवणही झाले होते, “पाखराचा मातर ह्यो पयलाच.” त्या बोलण्यात थट्टा नव्हती. ती माणसे खरोखर माझे सांत्वन करीत होती.

मी उभी राहिले. का राहिले ते मला अजून उमगलेले नाही. “ते गेलेले नाही,” मी म्हणाले. “जिवंत आहे. वर माळावर आहे.”

पारावर असे हसू उसळले की झोपलेले कुत्रे उठून गेले. रुमालवाले गृहस्थही हसत होते. हसू ओसरल्यावर त्या तरुणाने विचारले, “मंग जित्या जीवाला हार कावून घातला, मॅडम?”

चूक छपाईतली आहे, एवढे सांगून मला बसता आले असते. पण सगळे ऐकायला थांबले होते, आणि असे माझ्या बाबतीत क्वचित घडते. मी सांगितले की हे पाखरू झाडावर राहत नाही, उघड्या मुरुमावर अंडी घालते, आणि ती आता घातलेली आहेत. पावसाआधी माळ खोदला जाणार आहे. “आज ते जिवंत आहे,” मी म्हणाले. “हा फ्लेक्स जरा लवकर लागला, एवढेच.”

कोणी हसले नाही. सगळ्यांची नजर माझ्या मागे गेली होती. मी वळून पाहिले. सरपंचबाई तेथे उभ्या होत्या.

“म्हंजे मी मारनार हाय व्हय त्याला?” त्या म्हणाल्या.

आवाज चढलेला नव्हता, म्हणून अधिक लागला. त्या पंचायतीच्या कचेरीकडे निघून गेल्या. ज्या बाईने मला गावात जागा दिली, तिच्या हातून होणाऱ्या एकुलत्या एका कामाचा मी तिच्याच पारावर, तिच्याच माणसांपुढे असा निकाल लावला होता. घरी येताना तो रस्ता सरता सरत नव्हता. यजमानांना सांगितले की फ्लेक्स उतरवून आणते आणि पुन्हा तिकडे जात नाही.

संध्याकाळी फोन आला तो सरपंचबाईंचाच. नमस्कार नाही, प्रस्तावना नाही. “उद्या सकाळी येता का? दाखवा मला.”

दुसऱ्या दिवशी माळावर त्या माझ्या शेजारच्या आसनावर बसल्या आणि दार धाडकन ओढून घेतले. मी मनात म्हटले, संपले. पण पाखरू उडाले नाही. अंडी असलेल्या जागेजवळ मी गाडी कधी नेत नसे; लांबूनच त्यांना जागा दाखवली. त्यांनी आधी खिडकीवरची पिशवी दाबून पाहिली.

“मालदांडी हाय का?”

मी हो म्हणाले.

“एवढी चांगली ज्वारी गाडीतून फिरवता,” त्या म्हणाल्या आणि कॅमेऱ्याला डोळा लावला. बराच वेळ त्यांना काही सापडेना. “दगडं हायत निस्ती.” मी थांबायला सांगितले. मग त्यांनी भिंग हळूच एका बाजूला वळवले. दगड चालला असावा.

ऊन चढत गेले. एरवी सतत धावणारा तो पक्षी एका जागी येऊन उभा राहिला होता, पंख अंगापासून किंचित सोडलेले, चोच उघडी. त्यांनी डोळा न काढता विचारले की बोरीची सावली तेथून चार हातांवर आहे, मग हे उन्हात का उभे. मी सांगितले की खाली अंडी आहेत. उन्हात ती शिजू नयेत म्हणून त्यांच्यावर आपली सावली धरून ते उभे राहते. दमले की जोडीदार येऊन जागा घेतो.

त्या पुष्कळ वेळ पाहत राहिल्या. मग भिंगापासून बाजूला होऊन त्यांनी पदराने डोळा पुसला. भिंगातून पाहिल्यावर नवख्याच्या डोळ्याला पाणी येतेच.

“फडात आमी पोरांवर अशीच सावली धरायचो,” त्या म्हणाल्या. “पाचटाची. वारं आलं की उडून जायची.”

परतताना मात्र त्यांचा स्वर नेहमीचा झाला. झाडे तर त्या लावणारच होत्या. शब्द दिला होता. माळ निवडला तो एवढ्यासाठी की तो एका जागी आणि मोकळा होता, कागदावर सगळी झाडे एकदम बसत होती. मी भीत भीत म्हणाले की सावली माणसांना हवी असेल तर माणसे थांबतात तेथे झाडे हवीत. त्यावर त्या जरा हसल्या. “ते तुमी आधी म्हनायला पायजे व्हतं,” त्या म्हणाल्या आणि बोटांवर मोजत स्वतःच जागा सांगू लागल्या: एसटीचा थांबा, शाळेची भिंत, ओढ्याची कड. “अन् मसनवाटा. तिथं मानसं उन्हात उभी ऱ्हात्यात. मेलेल्याचं काय, जित्यांचे पाय भाजत्यात.”

ग्रामसभेला मी मागच्या ओळीत बसले. मी त्या गावची मतदार नव्हे, त्यामुळे बोलण्याचा प्रश्न नव्हता, आणि त्याबद्दल मी मनोमन आभारी होते. बोलल्या त्या सरपंचबाई. माळ यंदा सोडायचा आणि झाडे गावात लावायची, एवढेच त्यांनी मांडले. लगेच कोणीतरी मागून म्हणाले की पाखराच्या दहाव्याला सरपंच जेवण घालणार का. हशा झाला. मग खरी अडचण पुढे आली. ऊसतोडीहून आलेल्यांना दोन महिने हाताला काम हवे होते. माळावरचे खड्डे म्हणजे ते काम. सरपंचबाईंनी विचारले की रस्त्याकडेचा खड्डा काय फुकट घेतात का. आणि माळावर जेसीबी चालणार होता, रस्त्याकडेला हातानेच खणावे लागणार होते, तेव्हा मजुरी वाढेल की घटेल ते त्यांनीच सांगावे. यावर सभेत बरीच कुजबुज झाली. ग्रामसेवक म्हणाले की आराखडा बदलणे सोपे नाही. तरी ते बदलतील, असे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होते.

माझी बाजू शेवटी उचलून धरली ती शेळ्या-मेंढ्यांच्या मालकांनी, आणि ती पाखरासाठी नव्हे. माळावर रोपे लागली की चराई बंद होणार, हे त्यांच्या आधी लक्षात आले नव्हते. त्यांतल्या एकाने उठून गंभीरपणे सांगितले की त्या पाखरावर त्याचे पहिल्यापासून प्रेम आहे. पुन्हा हशा झाला. ठराव झाला: यंदा झाडे गावात, माळाचा विचार पुढच्या वर्षी. कायमचा सोडावा असे कोणी म्हणाले नाही, आणि मीही तशी आशा केली नव्हती.

मे महिन्याच्या मध्यावर मुरुमाच्या रंगाचे, बोटाएवढे काहीतरी आईबापांमागे धावताना मी पाहिले. माझ्या चित्रात ते जेमतेम ओळखू येते. किती पिल्ले निघाली आणि किती जगली, हे मला खात्रीने सांगता येणार नाही. ते चित्र मी रंगीतच ठेवले. फ्लेक्सवाल्याने नवा फलक करताना समया काढून टाकल्या आणि वर ‘हार्दिक अभिनंदन’ घातले. कोपऱ्यात सरपंचबाईंचा फोटो माझ्या संमतीशिवाय घातला, कारण त्याच्या मते माणसाचा चेहरा नसलेला फ्लेक्स आमच्याकडे लोक वाचतच नाहीत. पाराजवळ तो लागला तेव्हा लोक खरोखर थांबून पाहत होते, आणि मी या वेळी तेथे थांबले होते.

गावातली झाडे सगळी जगली नाहीत. थांब्याजवळची काही शेळ्यांनी खाल्ली. बहुधा त्याच शेळ्यांनी. स्मशानातली बरी धरली आहेत. शेजारच्या दोन गावांतून मला बोलावणे आले की आमच्या माळावरही येऊन काय आहे ते पाहा. मी जाते, फोटो काढते आणि आता रंगीतच छापते. सरपंचबाई कधीकधी मोबाइलवर चित्र पाठवतात. मजकूर काही नसतो. चित्रात माळ असतो, आणि मधोमध एक तपकिरी ठिपका, जो पक्षी असेल किंवा दगडही असेल. मी तो मोठा करून पाहते आणि उत्तर देते. बहुतेक वेळा पक्षी असतो.

पुढच्या ग्रामसभेत माळाचा विषय पुन्हा येणार आहे, आणि त्याचे काय होईल ते मला माहीत नाही. पण त्या सभेतल्या बऱ्याच जणांनी आता तो पक्षी पाहिला आहे, आणि न पाहिलेल्या जागेपेक्षा पाहिलेल्या जागेचा निकाल माणसे जरा सावकाश लावतात, एवढा माझा अनुभव आहे. म्हणून वाचकाला एकच विचारते. तुमच्या गावाच्या वर, रिकामा म्हणून ओळखला जाणारा जो माळ आहे, तेथे कोण राहते, हे तुम्ही कधी बसून पाहिले आहे का?